आईने माझ्याकडे पाहिलं

"आजी, आज इथे कशाने आलात?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही टॅक्सीने आलो होतो. उतरून दहा मिनिटंही झाली नसतील. खिडकीतल्या वाऱ्याने आईचे कपाळावरचे केस विस्कटले होते, ते अजून तसेच होते. आईने बोलायला तोंड उघडलं, थांबली, आणि मान माझ्याकडे वळवली. चेहऱ्यावर थोडं ओशाळलेलं हसू. घरी पाहुण्यांसमोर एखादं नाव पटकन आठवलं नाही की ती अशीच माझ्याकडे बघायची आणि मी नाव पुरवायचे. त्या दिवशीही पुरवलं. "टॅक्सीने आलो, डॉक्टर." डॉक्टरांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, दोन-तीनच शब्द असतील. मग पुढचा प्रश्न. "यजमान जाऊन किती वर्षं झाली?" पुन्हा मान वळली. "तीन," मी म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?"

दार पुरतं लागलं नव्हतं. बोटभर फट राहिली होती आणि तिच्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. प्रत्येक प्रश्नानंतर शांतता. मी बाकावर बसून ओठ हलवत होते. बुधवार, आई, बुधवार. काल मंगळवार होता, दादाचा फोन आला होता ना, म्हणजे आज बुधवार. माझ्या लहानपणी तोंडी परीक्षेच्या वेळी ती वर्गाबाहेर उभी राहायची आणि मला काचेतून तिचे ओठ हललेले दिसायचे, ते आठवलं आणि मी मान खाली घातली. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, त्यातला तिला एक सांगता आला. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. जिने आयुष्यभर शिवणाची मापं आणि वार-इंच तोंडी केले ती ब्याण्णव, त्र्याण्णव करत अडखळली आणि म्हणाली, "आज जरा कंटाळा आलाय हो." मग आवाजाची पट्टी बदलली. डॉक्टर म्हणाल्या, आता हो किंवा नाही एवढंच सांगायचं. आणि मग त्यांनी विचारलं, "आयुष्य रिकामं रिकामं वाटतं का?"

या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला नाही.

"वाटतं," आई म्हणाली.

हा प्रश्न मी तिला कधीच विचारला नव्हता. औषध घेतलंस का, अंघोळ झाली का, चष्मा कुठे ठेवलास, एवढंच आमचं बोलणं उरलं होतं. आणि समजा विचारला असता, तर तिच्या आधी मीच उत्तर दिलं असतं, "छे, असं काय बोलतेस, आम्ही आहोत ना." घरी येताना टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी त्या एका शब्दाशी बसून राहिले. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांशी नीट ओळख झाल्यावर मी त्यांना विचारलं की पहिल्या दिवशी मला बाहेर का पाठवलं. त्यांनी सांगितलं की प्रश्न विचारल्यावर माणूस सोबत आलेल्याकडे मान वळवून बघतो का, हे त्या मुद्दाम पाहतात. स्मृतिभ्रंशाच्या खुणांपैकी ती एक मानली जाते. म्हणजे मी "टॅक्सीने" म्हणाले तेव्हा त्यांनी कागदावर जे लिहिलं ते या वळलेल्या मानेबद्दल असणार. आईची मान किती वेळा वळली हे मोजलं गेलं. ती वळवायची सवय तिला किती वर्षं लागत गेली आणि त्यात माझा हात किती, ते मोजायला कागदावर जागा नसते.

मी मागे जाऊन शोधायला लागले, की हे सुरू कधी झालं. बाबा गेले त्याच्याही आधी असणार. फोनवर कुणी तिला काही विचारलं आणि ती घुटमळली की मी बाजूने हळूच सांगायचे. बँकेत सही जुळली नाही तेव्हा मीच म्हणाले की तिच्या हाताला कंप आहे. लग्नकार्यात कुणी जवळ येऊन "ओळखलंत का मला?" म्हटलं की मी त्यांच्या नावासकट पुढे व्हायचे. लोकांना हा प्रश्न इतका का आवडतो मला कळत नाही. ज्याला उत्तर येत नाही त्याला तो चारचौघांत उघडं पाडतो. मी तिची लाज राखत होते, हे खरंच आहे. पण त्यात माझीही लाज होती. माझी आई, जिच्या हिशेबात कधी पैची चूक नसायची, ती आता विसरते, हे लोकांनी बघू नये असं मला वाटायचं. दादाला तर कितीतरी दिवस पटलंच नाही. तो लांब राहतो, आठवड्यातून दोनदा फोन करतो. फोनवर आई त्याला म्हणायची, "कसा आहेस? सगळे बरे ना? कामाचा फार ताण घेऊ नकोस." ही वाक्यं इतकी वर्षं बोलली गेलेली, की ती शेवटपर्यंत टिकतात. तो मला म्हणायचा, "माझ्याशी तर व्यवस्थित बोलली, तूच जास्त काळजी करतेस." फोन ठेवल्यावर आई मला विचारायची, कुणाचा होता गं? हे दादाला सांगावंसं वाटायचं आणि सांगवायचं नाही. पुढे तो आठवडाभर राहून गेला. तिसऱ्या रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. आम्ही काही बोललो नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेसाठी तयार शब्द आहेत आणि ते फार सहज तोंडी येतात. म्हातारचळ. साठी बुद्धी नाठी. त्यांच्यात दोन चुका एकदम आहेत. एक म्हणजे, हे वयाचंच लक्षण आहे असं ते धरून चालतात, म्हणजे मग कुणाला दाखवायचं कशाला? दुसरी अशी की त्यात माणसावर ठपका येतो, जणू तो चळला, त्याने तोल सोडला. स्मृतिभ्रंश हा शब्द कागदोपत्री असला तरी मला जवळचा वाटतो. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणं, घसरणं. घसरणाऱ्यावर आपण चिडत नाही, हात पुढे करतो. वय वाढलं की नावं आठवायला वेळ लागतो, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला जातो, हे कुणाचंही होतं. पण चष्मा कशासाठी असतो तेच क्षणभर न कळणं, रोजच्या रस्त्यावर उभं राहून कुठे वळायचं ते न सुचणं, हे वयाने होत नाही, आजाराने होतं. जगात आज साडेपाच कोटींहून जास्त माणसं या आजारांसह जगत आहेत आणि त्यातली साठ ते सत्तर टक्के अल्झायमरची. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात विचार आला, की इतक्या साऱ्या खोल्यांमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी बाजूला बसून हळू आवाजात उत्तरं पुरवत असेल.

त्या "वाटतं"मुळे उपचार वेगळ्या टोकाने सुरू झाले. डॉक्टर म्हणाल्या, आधी नैराश्य बघू. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही, विसरत येतं. माणूस मंद होतो, लक्ष लागत नाही, विचारलं की "माहीत नाही" म्हणून सोडून देतो, आणि घरच्यांना वाटतं स्मरणशक्ती गेली. लेस्ली किलोह नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये अशा अवस्थांवर लिहिलं होतं आणि तेव्हापासून डॉक्टर मंडळी आधी हा फरक तपासतात, कारण नैराश्य उतरलं की असा विसराळूपणा बराचसा ओसरू शकतो. सोबत रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड कमी पडत असेल, बी-बारा कमी असेल, तरीही माणूस असाच धुकट होतो. ॲलर्जीच्या, झोपेच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही होतो, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून त्यांच्यासमोर ओतल्या. त्यातल्या दोन त्यांनी बंद केल्या. मग मेंदूचा फोटो. या सगळ्या काळात मी मनातल्या मनात एकच मागत होते, की नैराश्यच निघू दे. आईला नैराश्य असू दे, असं मागणारी मुलगी. पण त्याला औषध होतं.

आणि औषधाने फरक पडलाही. दोन-अडीच महिन्यांत ती सकाळी आपणहून उठायला लागली. बाबांच्या फोटोसमोर उभं राहून एक दिवस खूप रडली, तीन वर्षांत पहिल्यांदा. मी आवरायला पुढे झाले आणि तिने हाताने मला बाजूला केलं. ते रडणं तिचं होतं. बाबा गेले तेव्हा तेराव्या दिवशी सगळे आपापल्या वाटेला लागले आणि मी तिचं कपाट, तिचे कागद, तिची बँक, सगळं हातात घेतलं. तिला रडायला वेळ हवा होता आणि मी तिला आराम दिला. घरात माणसं असूनही एकटं पडता येतं, हे मला त्या सकाळी कळलं. तिचा चेहरा त्यानंतर उजळला, शिवणाची पेटी पुन्हा उघडली गेली. तारखा मात्र परत आल्या नाहीत. एकच प्रश्न तासात चार वेळा यायचा तो येतच राहिला. नैराश्य आणि स्मृतिभ्रंश एकमेकांचा हात धरून येऊ शकतात, आणि पहिलं कधी कधी दुसऱ्याची वर्दी असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऐकताना मी ते वाक्य कानाआड केलं होतं.

कानाआड म्हटल्यावर कानांचंही सांगायला हवं. आईला ऐकू कमी येत होतं हे आम्हाला दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. श्रवणयंत्र घ्यायचं घ्यायचं म्हणत राहून गेलं. ती म्हणायची, "मला काय कुणाशी बोलायचंय?" आणि आम्हाला ते सोयीचं होतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणं मांडली, ज्यांच्यावर वेळीच काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, अधू नजर आणि बहिरेपणही. हे आकडे सगळ्या लोकसंख्येचे असतात, एका माणसाला लावायचे नसतात, हे मला कळतं. तरीही ती यादी वाचताना माझं बोट ऐकू न येण्याच्या ओळीवर थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. यंत्र बसवलं त्या दिवशी आई घरात आल्या आल्या म्हणाली, "घड्याळ वाजतंय?" भिंतीवरचं घड्याळ नेहमीच वाजत होतं.

घड्याळाचाच एक कागद माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं होतं: गोल काढा, आकडे लिहा, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ही चाचणी जगभर करतात आणि वेळही पुष्कळदा हीच देतात. आईने गोल सुरेख काढला, एका दमात. बाही कापताना खडूने काढायची तसा. मग बारा लिहिला, एक, दोन, तीन, आणि आकडे उजव्या बाजूलाच दाटीवाटीने उतरत गेले. सात-आठपर्यंत तळ आला. उरलेले चार तिने डाव्या बाजूला लहान अक्षरात कसेबसे बसवले. मग काटे. एक काटा तिने अकरावर ठेवला. दुसरा दहावर. कानांनी दहा ऐकलं, डोळ्यांना दहा दिसला, हात तिकडे गेला. दहा मिनिटं दाखवायला दोनच्या आकड्याशी जावं लागतं, ही एवढी लहानशी उडी आपण दिवसातून पन्नास वेळा मारतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. ती उडी तिच्या पायाखालून गेली होती. कागद डॉक्टरांकडे देण्याआधी तिने तो लांब धरून पाहिला, भुवया जवळ आल्या, आणि म्हणाली, "काहीतरी बिघडलंय यात." काय बिघडलंय ते तिला सांगता येईना. पण बिघडलंय हे कळत होतं. मला त्या वेळी आजारापेक्षा या कळण्याचीच जास्त भीती वाटली.

असं कळणं या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदींतही सापडतं. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये ऑगुस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिथले डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्याशी बोलत आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवत. नाव काय? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? ऑगुस्टे, असं वाटतं. तिला तिचं नाव लिहायला सांगितलं तर ती अर्ध्यात थांबायची, आणि मी स्वतःला हरवून बसले आहे, असं म्हणायची. ती १९०६ मध्ये गेली. त्याच वर्षी अल्झायमरने तिच्या मेंदूत सापडलेल्या गाठी आणि साचलेले थर यांबद्दल ट्युबिंगेनच्या सभेत सांगितलं, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. तिच्या केसपेपरांची फाइल मात्र नंतर कुठेतरी गेली, ती थेट १९९५ मध्ये सापडली. मी हे वाचलं तेव्हा मला गाठी आणि थरांपेक्षा त्या लिहून ठेवलेल्या उत्तरांचं जास्त वाटलं. तिला घेऊन तिचा नवरा आला होता, त्याने त्याच्या बाजूचं सगळं सांगितलं असणार. पण चुकलेली का होईनात, तिची उत्तरं तिच्याच तोंडून घेतली गेली, आणि म्हणून शंभर वर्षांनी ती बाई अजून बोलते आहे. तिच्या शेजारी माझ्यासारखी कुणी बसली असती तर त्या कागदावर सगळी उत्तरं बरोबर आली असती.

दुसऱ्या वर्षी एक रात्र अशी आली की मी सगळं शिकलेलं विसरले. आदल्या दिवशीपर्यंत आई तिच्या परीने ठीक होती. रात्री दोनला तिने मला हलवून उठवलं. कोपऱ्यात तीन मुली बसल्या आहेत म्हणाली, भिजल्या आहेत, त्यांना टॉवेल दे. मी दिवा लावला तर ती दिव्याला घाबरली. सकाळी तिला बसवेना, बोलणं अर्धवट, मध्येच झोप, मध्येच उठून पलंगाचा कठडा ओढणं. रुग्णालयात कुणीतरी फाइलवर नजर टाकून म्हणालं, स्मृतिभ्रंशाच्या पेशंट आहेत ना, आता हे असंच वाढत जाणार. मी ते मानून घेतलं. रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरने मात्र मला विचारलं, "हे कधीपासून?" कालपासून, मी म्हणाले. "मग हे ते नाही," तो म्हणाला. स्मृतिभ्रंश एका रात्रीत उडी मारत नाही. जे एका-दोन दिवसांत सुरू होतं आणि दिवसातून चार वेळा रंग बदलतं त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे शरीरातलं काहीतरी कारण असतं: जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, एखादं नवं औषध, मोठी शस्त्रक्रिया. आईला लघवीचा संसर्ग झाला होता. ताप नव्हता, जळजळ होते हे तिला सांगता आलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्या तीन मुली गेल्या. आई परत आली, पण जिथून गेली होती त्याच्या एक पायरी खाली आली. हे मी इतकं तपशिलाने लिहिते आहे कारण "असंच असतं त्यांचं" या वाक्यावर विश्वास ठेवून मी एक अख्खा दिवस घालवला. अचानक झालं असेल तर ते लगेच दाखवायचं, त्याच दिवशी. कुणी काहीही म्हणो.

एकदा मी तिच्यावर ओरडले. एकदाच असं लिहायला मला आवडलं असतं, पण खूपदा ओरडले आहे, त्यातली एक वेळ सांगते. तिने तिचं पाकीट कुठेतरी ठेवलं आणि मी चोरलं म्हणाली. मला माहीत होतं की हा आजार बोलतो आहे, मेंदूला जिथे आठवण सापडत नाही तिथे तो गोष्ट रचून ठेवतो. माहीत असून मी ओरडले. ती गप्प झाली. दहा मिनिटांनी पाकीट, ओरडणं, सगळं तिच्यासाठी पुसलं गेलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून होती, दोन्ही हात मांडीत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काहीतरी वाईट झालंय गं. काय ते आठवत नाही." एदुआर क्लापारेद नावाच्या स्विस डॉक्टरने १९११ मध्ये एक प्रयोग लिहून ठेवला आहे. त्याची एक रुग्ण त्याला रोज नव्याने भेटायची, काही म्हणून लक्षात राहायचं नाही. एकदा त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढे ती हात मिळवायला तयार होईना. का, ते तिला सांगता येत नव्हतं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर झालेल्यांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून पाहिलं, तेव्हाही हेच दिसलं: काय पाहिलं ते विसरलं गेलं, पाहून जे वाटलं ते मागे राहिलं. मला ते वाचायच्या आधी आईच्या मांडीतल्या हातांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले, क्षमा मागितली नाही, कारण कशाबद्दल ते तिला पुन्हा सांगावं लागलं असतं. तिचे केस विंचरले. बराच वेळ विंचरले.

आणि हात. तिच्या हातांवर आजार फार उशिरा पोचला. नव्या आठवणी पकडणारा मेंदूचा भाग हिप्पोकॅम्पस, तो आधी झिजतो. हाताच्या सवयी दुसरीकडे राहतात, त्या टिकून राहतात. मी तिला एक सदरा दिला, काज करायचं राहिलंय म्हणाले. तिने कापडावर नख ओढून रेघ पाडली, कात्रीच्या टोकाने चीर दिली, सुई चिरेच्या कडेशी घातली, आणि सुई निम्मी बाहेर असतानाच दोरा तिच्या टोकाखालून फिरवून ओढला. कडेवर मोहरीएवढी गाठ बसली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. मध्ये श्वास घेण्यापुरतीही जागा नाही. मी विचारलं, "आई, याला काय म्हणतात?" ती थांबली. मान माझ्याकडे वळायला लागली. आणि मला माझ्या प्रश्नाचा राग आला. कशाला विचारलं? तिला येत होतं ते ती करत होती आणि मी तिला नेमकं जे येत नव्हतं तिथे ओढलं. "असू दे," मी म्हणाले, "कर तू." तिने वळलेली मान परत कापडाकडे नेली आणि उरलेले टाके घातले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी स्वतःला लावून घ्यायचा प्रयत्न करते. परीक्षेचे प्रश्न विचारायचे नाहीत: हा कोण, आज काय वार, काल आपण कुठे गेलो होतो. आणि दुसऱ्या कुणी तिला काही विचारलं तर मनात दहापर्यंत मोजायचं, मग तोंड उघडायचं. दहा फार लांब असतात. विचारणारा अस्वस्थ होतो, माझ्याकडे बघायला लागतो, "तुम्हीच सांगा ना" असं डोळ्यांनी म्हणतो. पण सातव्या-आठव्याला कधी कधी काहीतरी येतं. चुकीचं येतं, अर्धवट येतं, वीस वर्षांपूर्वीचं येतं, पण तिचं असतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा शेजारच्यांनी तिला बरं आहे का विचारलं होतं, आणि मी नेहमी "बरं आहे" म्हणून मोकळी व्हायचे. नवव्याला ती म्हणाली, "भीती वाटते." सगळं साधतं असं नाही. थकलेल्या दिवशी मी पहिल्याच आकड्याला बोलून टाकते. आणि तिला लोकांत उघडं पडू द्यायचं नाही ही माझी जुनी ओढही खोटी नव्हती. तिची लाज राखणं आणि तिला बोलू देणं यांत रोज कुठेतरी उभं राहावं लागतं, आणि रोज ती जागा हललेली असते.

अलीकडे ती मला कधी कधी अक्का म्हणते. अक्का तिची मोठी बहीण, खूप वर्षांपूर्वी गेलेली. सुरुवातीला मी म्हणायचे, "अगं मी, तुझी मुलगी." आता ओ देते. अडचणीत सापडलं की लहानपणी ती जिच्याकडे बघायची तिचं ते नाव असणार.

मागच्या महिन्यात पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. तीच खोली. चाचणी आता करत नाहीत, करण्यासारखं फारसं राहिलेलं नाही. त्यांनी आईचा हात हातात घेतला, वजन पाहिलं, पायांची सूज पाहिली, एक गोळी कमी केली. आई रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती, काठाला काठ जुळवून. मग डॉक्टरांनी खुर्ची जराशी माझ्याकडे फिरवली. "आणि तुम्ही? तुमची झोप कशी आहे?"

ठीक आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी थांबले. आणि माझी मान आईकडे वळली.

आईने रुमालावरून नजर काढली नाही. एक घडी पुरी केली, तिच्यावरून तळवा फिरवला.

"नाही झोपत ही," ती म्हणाली. "दिवा असतो हिचा."

डॉक्टरांनी पेन उचललं. प्रश्न त्यांनी आईलाच विचारला. "किती वाजेपर्यंत असतो, आजी?"

आई विचार करू लागली. मी मनात मोजायला सुरुवात केली.